पुढच्या चाकांचा दांडा

तम्मण्णा मिस्त्रीच्या हाताखालून गेलेली गाडी तक्रार घेऊन परत येत नाही, असं बेळगावापासून निपाणीपर्यंत लोक म्हणायचे. लोकांचं काय, एकदा एखाद्याला चांगलं म्हणायचं ठरवलं की ते मागंपुढं बघत नाहीत. तम्मण्णा मात्र हे कौतुक ऐकलं की तोंड फिरवून कामाला लागायचा. एक गाडी आली होती तक्रार घेऊन. तक्रार खरी होती, आणि त्यानं ती खोटी पाडली होती.

तम्मण्णाचं घर वडगावातलं, विणकरांचं. घरात दोन माग होते आणि बापाची एक रीत होती. लुगड्यात कुठं दोष राहिला, एखादा धागा तुटून गाठ दिसली, तर घडी घालताना तोच भाग वर ठेवायचा. व्यापाऱ्यानं घडी हातात घेतली की त्याची पहिली नजर तिथंच पडली पाहिजे. "त्यानं हुडकायच्या आधी आपुन दावायचं," असं बाप म्हणायचा आणि दोन शब्द ऐकून घ्यायचा. तम्मण्णाचं मन मागावर रमलं नाही. तो कॅम्पातल्या एका गॅरेजात काम शिकला आणि पुढं खानापूर रोडला पत्र्याची शेड टाकून स्वतःचा धंदा करू लागला. बापाची ती रीत त्यानं गाड्यांनाही लावली होती. गिऱ्हाइकाला गाडी देताना आधी उरलेलं काम सांगायचा, मग झालेलं. म्हणून तर नाव झालं होतं.

त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर डॉक्टर सत्याप्पा शिंगे एक जीप ट्रकच्या मागं बांधून घेऊन आले. डॉक्टर मूळचे निपाणीचे. आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायची, बाप मिळेल ती मजुरी करायचा. छप्पन साली घर बौद्ध झालं, आणि पोरगं कंदिलाखाली अभ्यास करून डॉक्टर झालं. मोठ्या शहरात दवाखाना घालायचा सोडून ते नंदगडला येऊन बसले होते, कारण तिथून पुढं जंगलातल्या वाड्यावस्त्यांना डॉक्टर म्हणून दिसेल असं कुणी नव्हतंच. सायकल झाली, मोटरसायकल झाली, पावसाळ्यात दोन्ही चिखलात रुतायच्या. शेवटी लष्कराच्या लिलावात ही जीप त्यांनी उचलली.

जीप म्हणजे नुसता सांगाडा होता. लढाईच्या काळातली, स्टीअरिंग डाव्या हाताला. तळाचा पत्रा इतका सडलेला की आत बसलं तर रस्ता दिसावा. कार्बुरेटर कुणीतरी काढून नेलेला, तारा उंदरांनी खाल्लेल्या. तम्मण्णानं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि त्याचे डोळे चमकले. मरायला टेकलेली गाडी बघितली की त्याला हुरूप यायचा, त्याला कोण काय करणार.

डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, मला हिचं रूप नको. रंग लावला नाहीत तरी चालेल. पावसाळ्यात ही चारी चाकांवर चढली पाहिजे. आणि आत आजारी माणूस सरळ आडवं झोपवता आलं पाहिजे. एवढं करा."

तम्मण्णानं एवढं केलं आणि वर बरंच केलं. पाच महिने ती जीप शेडमध्ये होती. त्यानं स्टीअरिंग डावीकडून उजवीकडं आणलं. ऐकायला हे सोपं वाटतं, पण त्यासाठी पेडल, ब्रेकच्या नळ्या, स्टीअरिंगची पेटी सगळं इकडचं तिकडं करावं लागतं, आणि एक सांधा चुकला तर गाडी वळायची तिथं वळत नाही. तळ नवा केला. डाव्या हाताचं पुढचं सीट असं बसवलं की त्याची घडी झाली की पुढच्या फळीपासून मागच्या फाळक्यापर्यंत माणूस पाय पसरून झोपेल. त्याखाली गादी, बाजूला पट्टे. सलाईनची बाटली अडकवायला वरच्या कांबीला एक आकडा. डॉक्टर दर पंधरा दिवसांनी यायचे आणि तो आकडा हात लावून बघायचे.

ड्रायव्हर म्हणून डॉक्टरांनी कंग्राळीचा भरमू ठेवला. शेतकरी घरातला, विशीतला, बैलजोडी हाकण्यात पटाईत आणि गाडीच्या बाबतीत अगदी कोरा. त्यालाही तम्मण्णानंच शिकवलं, मच्छ्याच्या माळावर दुसऱ्या एका जीपमध्ये बसवून. जीपला तीन दांडे असतात. मोठा नेहमीच्या गेअरचा, आणि शेजारी दोन बुटके. त्यातला एक ताकद वाढवायचा, दुसरा पुढच्या चाकांचा. तो ओढला की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही मिळतो आणि गाडी चारी पायांवर चालते. भरमूनं हे घोकून घोकून पाठ केलं. "अण्णा, झोपंत इच्यारला तरी सांगीन," म्हणायचा. तम्मण्णानं त्याला एक गोष्ट निक्षून सांगितली होती, की तू गाडी चालवायची, गाडीखाली शिरायचं नाही. खाली काय ते मी बघीन.

गाडी चौदा एप्रिलला निपाणीत न्यायची असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. बाबासाहेबांची जयंती, आई अजून डोळ्यांनी बघत होती, आणि गल्लीतलं पोर डॉक्टर होऊन स्वतःच्या जीपमधून येणार होतं. नारळ नाही, लिंबू नाही, तेवढी तारीख मात्र त्यांची ठरलेली होती.

आणि बारा तारखेला तम्मण्णाला कळलं की पुढचे क्रॉस गेलेत. इंजिनापासून पुढच्या चाकांकडं जोर नेणारा जो लोखंडी शाफ्ट असतो, त्याच्या दोन्ही टोकांना हे क्रॉस असतात, आपल्या मनगटासारखे. ते झिजलेले होते. बेळगावात मिळेनात. पुण्याला कळवलं, पार्सल यायला वेळ लागणार होता. झिजलेल्या क्रॉसवर शाफ्ट लावला तर वाटेत सुटून खाली आपटणार. म्हणून त्यानं शाफ्ट काढला आणि शेडच्या दारामागं उभा करून ठेवला. त्यात जगावेगळं काही नव्हतं. त्या वर्षी पेट्रोल भडकलं होतं, आणि कितीतरी जीपवाले पुढचा शाफ्ट काढून टाकून मागच्या दोन चाकांवर गाडी हाकत होते. शाफ्ट नसला तरी दांडा जागेवर असतो. ओढला की खट्ट आवाज होतो. फक्त पुढची चाकं ढिम्म राहतात.

हे सगळं डॉक्टरांना सांगायचं, असं मनाशी ठरवूनच तम्मण्णा चौदा तारखेला जीप घेऊन निपाणीला गेला. पण गल्लीच्या तोंडाशी माणसांची ही गर्दी. निळे झेंडे, लेझीम, पांढरं लुगडं नेसलेली डॉक्टरांची आई. तिला पुढच्या सीटवर बसवलं तर ती रडायलाच लागली. डॉक्टरांनी पहिला हार स्वतःच्या गळ्यात न घेता तम्मण्णाच्या गळ्यात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या माणसानं लोखंडात जीव घातलाय. ही गाडी चारी चाकांवर चालते. आता पावसाळ्यात कुठली वाडी दूर नाही."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत तम्मण्णाची जीभ टाळ्याला चिकटली. जाताना तो डॉक्टरांच्या कानाशी लागून एवढंच बोलला, "डॉक्टरसाहेब, पुढचा दांडा महिनाभर वापरू नका. नवं काम हाय, आतले गेअर जरा बसू देत." डॉक्टरांनी मान डोलावली. शब्दावर विश्वास ठेवणारी माणसं फसवायला किती सोपी असतात, हे तम्मण्णाला त्या दिवशी कळलं, आणि ते कळल्याची लाजही वाटली. पण महिन्याभराचा तर प्रश्न होता.

मे महिन्यात पार्सल आलं. चार क्रॉस, तेलकट कागदात गुंडाळलेले. ते त्यानं फळीवर ठेवले. शाफ्ट दारामागं होताच. दोन तासांचं काम. जीप तेल बदलायला आली तेव्हा लग्नसराई होती, शेडसमोर गाड्यांची रांग, आणि डॉक्टरांना तासाभरात परत जायचं होतं. पुढच्या खेपेला करू, म्हणाला. जूनच्या मध्याला भरमू एकटाच आला. पाऊस लागला होता.

"अण्णा, आता दांडा वापरू न्हवं? महिना झाला की."

तम्मण्णा एका ट्रॅक्टरच्या पोटात हात घालून बसला होता. "एक दिवस गाडी ठिवून जा रं. जरा बघून देतो."

"डॉक्टर एक दिस बी सोडत न्हाईत. रोज दोन-दोन वाड्या असत्यात."

"मग सवड काढून ये."

एवढंच. शाफ्टच लावलेला नाही, हे एक वाक्य बोलला असता तर डॉक्टरांनी त्याच घटकेला गाडी आणून सोडली असती. पण ते बोलायचं तर एप्रिलमधलं खोटं बोलणंही उघडं पडणार होतं. तम्मण्णानं ट्रॅक्टरमध्ये पुन्हा डोकं घातलं. पुढच्या आठवड्यात आपणच नंदगडला जाऊन काम करून येऊ, असं त्यानं ठरवलं, आणि माणूस असं ठरवतो तेव्हा ते होत नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

जुलैच्या सहा तारखेला दुपारी नंदगडापलीकडच्या एका वाडीवरून डॉक्टर एका बाळंतिणीला घेऊन निघाले. रवळू म्हणून शेतकरी होता, त्याची बायको चंद्राबाई. दोन दिवस कळा देत होती. तिला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. जीपमध्ये गादीवर ती आडवी, आकड्याला बाटली लावलेली, शेजारी रवळू. जाताना ओढा उतरून जीप गेली होती. येताना ओढ्याची चढण जीपला चढवेना. मागची चाकं गरागरा फिरून चिखल उडवत खोल खोल जात राहिली. भरमूनं पुढचा दांडा ओढला. खट्ट वाजलं. काही झालं नाही. त्यानं परत ढकलला, परत ओढला. डॉक्टर उतरून मागून ढकलत होते, गुडघाभर चिखलात. वाडीवरून बैल आणायला माणूस धावला. बैल यायला तीन तास गेले. तेवढ्यात जीपमध्येच चंद्राबाईला मुलगी झाली. मुलगी रडली. चंद्राबाईचं रक्त थांबेना. डॉक्टरांनी करता येईल ते सगळं केलं. बैल आले तेव्हा चिखलातून ओढून काढायला एक जिवंत जीव उरला होता आणि एक प्रेत.

हे सगळं भरमूनंच येऊन सांगितलं. मंगळवारी सकाळी तो ती जीप घेऊन शेडसमोर उभा राहिला तेव्हा तिच्या चाकांना अजून ओढ्याचा लाल चिखल होता. तीन दिवसांत पोरगा दहा वर्षांनी थोराड दिसायला लागला होता.

"अण्णा, सगळी म्हणत्यात मी घाबरून दुसराच दांडा वढला. कोण म्हणतंय पिऊन होतो. आईशप्पत अण्णा, मी बरूबर वढलाता. चार डाव वढलाता. तुमी गाडी बघा. गाडीतच कायतर झालंय. डॉक्टर बेस्तरवारी येणार हाईत, त्यास्नी सांगा."

"बघतो," तम्मण्णा म्हणाला. "तू घरला जा. बेस्तरवारी ये."

भरमू गेला. तम्मण्णानं शेडचं दार लोटलं आणि बराच वेळ जमिनीवर बसून राहिला. त्यानं बाईला बघितलंही नव्हतं. गादी मात्र त्यानं स्वतः शिवून घेतली होती. ती धुतली होती तरी डाग होता. त्याला भडभडून आलं, आणि रडता रडता त्याच्या डोक्यात दुसरा हिशेब सुरू झाला. पोलीस. डॉक्टर. निपाणीची ती गल्ली. हार घातलेला गळा. वडगावात म्हातारा बाप अजून माग चालवत होता.

बुधवारी सकाळी तो गाडीखाली शिरला. दोन तासांचं काम दोन तासांत झालं. शाफ्ट बसला, क्रॉस बसले. पण नवे क्रॉस चकाकत होते. कुणीही वाकून बघितलं असतं तर कळलं असतं. तेव्हा तम्मण्णानं चाकांवरचा चिखल खरवडून काढला, त्यात पाणी घातलं, आणि शाफ्टला आणि क्रॉसना टोकापासून टोकापर्यंत लिंपला. ज्या ओढ्यात बाई गेली त्याच ओढ्याचा चिखल त्यानं स्वतःच्या बोटांनी लावला. वर जुनं काळं ग्रीस पुसलं. वाळल्यावर ते इतकं जुनं दिसलं की त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं.

गुरुवारी डॉक्टर आले, त्यांनी स्वतः वाकून गाडीखाली बघितलं. रवळूही आला होता, डोक्याचे केस काढलेला. तम्मण्णानं जीप ठोकळ्यांवर घेऊन चारी चाकं अधांतरी ठेवली होती. त्यानं भरमूलाच वर बसवलं.

"वढ," तो म्हणाला.

भरमूनं इंजिन चालू केलं, गेअर टाकला, पुढचा दांडा ओढला. खट्ट वाजलं आणि पुढची चाकं फिरायला लागली. झोकात, मागच्या चाकांच्या बरोबरीनं.

भरमू त्या चाकांकडं बघत राहिला. त्यानं दांडा ढकलला, चाकं थांबली. परत ओढला, परत फिरली. मग त्यानं इंजिन बंद केलं आणि स्वतःचा डावा हात वर धरून बघितला, पालथा, उताणा.

"म्या ताकदीचा दांडाच वढला आसंन," तो म्हणाला. "मला तर ह्योच वढल्यासारकं वाटत हुतं."

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सगळे तम्मण्णाकडं बघत होते, कारण गाड्यांतलं त्याला कळायचं. आणि तम्मण्णा बोलला, "घाबरल्यावर हुतंय असं."

तीन शब्द. चिखल लिंपला ते लपवणं होतं. हे तीन शब्द म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात धोंडा बांधणं होतं, आणि तो त्यानं शांतपणे, मायेच्या सुरात बांधला.

डॉक्टरांनी भरमूला काढलं नाही. भरमूच राहिला नाही. त्यानं लायसन आईच्या ट्रंकेत टाकलं आणि पुन्हा शेतीत गेला. दरवर्षी सहा जुलैला तो त्या वाडीवर जायचा, रवळूच्या पाया पडायचा, पोरीला परकर-पोलकं घेऊन जायचा. पुढं रवळूनं दुसरं लग्न केलं. सावत्र घरात पोरीची आबाळ व्हायला लागली, तेव्हा भरमू आणि त्याची बायको यल्लव्वा तिला कंग्राळीला घेऊन आले. जया तिचं नाव. आता ती भरमूच्या घरातली थोरली लेक होती. हे सगळं तम्मण्णाला इकडून तिकडून कळत राहायचं, आणि प्रत्येक खेपेला तो त्या दिवशी जेवायचा नाही.

एक सवय मात्र त्याला लागली. गाडी देताना तो गिऱ्हाइकाला आडवं पडून खाली बघायला लावायचा, काय बसवलंय, काय नाही, बोटानं दाखवायचा. माणसं धोतराला डाग पडला म्हणून कुरकुरायची आणि बाहेर जाऊन त्याच्या सचोटीची वाखाणणी करायची.

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात डॉक्टर शिंगे तीच जीप घेऊन पुन्हा आले. केस पांढरे झालेले, चालणं तेच. "मिस्त्री, हिला डिझेल इंजिन बसवा. अजून दहा वर्षं मला हिच्यातच फिरायचंय." मग जरा थांबून म्हणाले, "आणि माझं आणखी एक काम करा. माझे डोळे आता साथ देत नाहीत. दुसरा कुणी ड्रायव्हर मला पटत नाही. भरमूला आणा. मी तीनदा सांगून पाहिलं, तो चाकाला हात लावत नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही त्याला शिकवलंय."

डॉक्टर गेल्यावर तम्मण्णा गाडीखाली शिरला. बारा वर्षं झाली होती. ग्रीसवर धूळ, धुळीवर ग्रीस. शाफ्टच्या सांध्यात एका बेचक्यात त्याला लाल मातीचा एक पोपडा दिसला. तो त्याच पावसाचा असेल असं नाही. बारा पावसाळे गेले होते. तरी तम्मण्णा सरपटत बाहेर आला, हात धुतले, आणि त्यानं ठरवलं की आता सांगायचं. आधी भरमूला, कारण आयुष्य त्याचं गेलं होतं. मग डॉक्टरांना. मग जे व्हायचं ते होऊ दे. बाप वारला होता, पोरी लग्न होऊन गेल्या होत्या, राखायचं असं काही उरलं नव्हतं. आणि हेही त्याच्या लक्षात आलं, की राखायचं काही उरलं नाही तेव्हाच आपल्याला धीर आलाय. त्याला स्वतःची किळस आली.

रविवारी सकाळी तो कंग्राळीला गेला. भरमू अंगणात जोंधळ्याचं बी निवडत बसला होता. तम्मण्णाला बघून तो धडपडत उठला.

"अण्णा! तुमी? निरोप धाडला असता तर मीच आलो नसतो व्हय? ये यल्लव्वा, बघ कोण आलंय."

तम्मण्णा घोंगड्यावर बसला. त्यानं वेळ घालवला नाही. घालवला तर जमणार नाही, हे त्याला कळत होतं.

"भरमू, त्या दिशी तू दांडा बरोबर वढला हुतास."

भरमू हसला, कसनुसं. "ऱ्हाऊ द्या अण्णा."

"ऐक. गाडीला शाफ्टच नव्हता. मी काढून ठिवलाता. क्रॉस आले न्हवते. डॉक्टरला सांगितलं न्हाय. क्रॉस आले, तरी लावला न्हाय. तू जूनमध्ये इच्यारायला आलतास, तवा बी बोललो न्हाय. बाई गेल्यावर, बुधवारी, मी तो लावला. वर चिखल लिंपला. बेस्तरवारी तुझ्या हातनं फिरवून दाखवला. तुझा काय बी दोष न्हवता रं. सगळा माझा."

भरमूच्या ओंजळीतलं बी हळूहळू सुपात सांडलं. तम्मण्णा वाट बघत होता. शिवी येईल, थप्पड येईल, निदान एक हंबरडा येईल. बारा वर्षं तो ह्याच क्षणाची वाट बघत होता आणि त्याच क्षणापासून पळत होता.

भरमूचे डोळे भरून आले. तो उठला, आणि वाकून त्यानं तम्मण्णाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अण्णा," तो म्हणाला, "डॉक्टरनी तुमास्नी धाडलं, मला म्हाईत हाय. मी गाडी हाकावी म्हणून. पर माझ्यापायी तुमी एवढं बोलावं? बाईचं पाप सोताच्या डोक्यावर घ्यावं?"

"आरं, खरं सांगतोय मी!"

"तुमच्या हातनं असली चूक? अख्खं बेळगाव हसंल मला. मी माझ्या डोळ्यांनी चाकं फिरताना बघितल्यात, अण्णा. माझ्याच हातानं फिरीवलीत. नवा शाफ्ट असता तर दिसला नसता व्हय? डॉक्टर सोता वाकून बघत हुते. जुनाच हुता."

तम्मण्णाचं काम इतकं चोख झालं होतं की ते मोडायला त्याच्याकडं काहीच नव्हतं. क्रॉसच्या पार्सलचा कागद नाही, साक्षीदार नाही, कुणी नाही. होता तो त्याचा शब्द, आणि त्याच्या शब्दावर सगळ्यांचा विश्वास होता, फक्त ह्या एका गोष्टीत नव्हता.

"जया," भरमूनं आत हाक मारली. "हिकडं ये बाळ. पाया पड ह्यांच्या. आसली माणसं बघायला मिळत न्हाईत."

परकर खोचलेली, बारा वर्षांची पोर बाहेर आली. हात पिठाचे होते, ते तिनं मागं पुसले आणि वाकली. तम्मण्णानं पाय मागं घेतले. घोंगड्याच्या कडेपर्यंत घेतले, मागं भिंत होती. तिनं हात लावलाच.

"बाळ," तम्मण्णाच्या तोंडून निघून गेलं, "पाया पडू नगंस. तुझी आई माझ्यामुळं गेली. माझ्या चुकीनं गेली."

पोरगी उभी राहिली. तिनं त्याच्याकडं बघितलं, घाबरली नाही, रडली नाही. मग भरमूकडं वळून म्हणाली, "आप्पा, ह्ये बी तुमच्यासारकंच बोलत्यात की."

आणि ती भाकऱ्या थापायला आत गेली. ती जन्मल्यापासून एक माणूस तिला हेच सांगत आला होता. तिला त्यात नवं काही नव्हतं.

यल्लव्वानं चहा आणला. "घ्या अण्णा," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले, कारण तिनं आतून सगळं ऐकलं होतं आणि तिलाही ते मोठेपणच वाटलं होतं. तम्मण्णानं कप घेतला. त्या घरात चहा नको म्हणायचा हक्कसुद्धा आपल्याला नाही असं त्याला वाटलं. चहा गोड होता, दूध जास्त घातलेला, पाहुण्याचा.

"मी डॉक्टरला सांगणार हाय," तो शेवटी म्हणाला. "त्यांना तरी पटंल."

भरमूनं मान हलवली, समजूत काढतात तशी. "नगा सांगू. त्यास्नी उगं वाईट वाटंल. एवढं मातुर सांगा त्यास्नी, भरमू येत न्हाय म्हणून. आजारी माणसाची गाडी, अण्णा." त्यानं डावा हात उघडून पुढं धरला. "ह्या हाताचा काय भरवसा?"